बिनखटक्याचा चाकू

इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या उत्तरेकडे डोंगरात पत्ताडा नावाचं गाव आहे. तिथल्या घडीच्या चाकूला खटका नसतो, स्प्रिंग नसते, उघडलेलं पातं अडकवून ठेवणारी खीळही नसते. एक पातं, मेंढ्याच्या शिंगाची मूठ, दोन्हींना जोडणारा खिळा आणि मुठीच्या तोंडाशी एक धातूचं कडं. झाला चाकू. उघडलेलं पातं जागेवर थांबतं ते निव्वळ घट्ट बसवल्यामुळे. वापरून वापरून सैल झालं, तर खिळ्याच्या डोक्यावर हलक्या हाताने दोन टोले घालायचे, की पुन्हा पहिल्यासारखं.

या चाकूला सार्डिनियात 'रेझॉल्झा' म्हणतात. वस्तऱ्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दातून हे नाव आलं. बेटाबाहेर तो गावाच्या नावाने, 'पत्ताडेझे' म्हणून ओळखला जातो. पातं लांबट आणि टोकाकडे निमुळतं. बेटावर सगळीकडे उगवणाऱ्या मर्टलच्या झुडपाच्या पानासारखं असल्यामुळे त्याला मर्टलचं पान म्हणायची रीत आहे. हा चाकू मेंढपाळाचा. सकाळी पाव आणि चीज कापायचं, दुपारी काठी तासायची, वेळ पडली तर मेंढरू सोलायचं, आणि जेवताना तोच पुसून ताटाशी ठेवायचा.

खरी कारागिरी मुठीत आहे. शिंग मुळात वळलेलं, गाठाळ, आतून काही भाग पोकळ. ते विस्तवावर शेकून मऊ करतात आणि गरम असतानाच दाबून सरळ करतात. त्या वेळी केस जळल्यासारखा वास सुटतो, कारण शिंग आणि केस एकाच द्रव्याचे. मग मूठ दोन तऱ्हांनी होते. एकीत शिंगाचा अखंड तुकडा घेऊन करवतीने पोटात फट पाडतात. मिटलेलं पातं त्या फटीत जाऊन बसतं. दुसरीत मधे लोखंडी कमान आणि दोन्ही बाजूंना शिंगाच्या पट्ट्या. अखंड मूठ अवघड, कारण फट जरा वाकडी गेली की सगळं शिंग वाया. पातं तापवून हातोड्याने घडवतात, पाणी पाजतात आणि मग घासत बसतात. सगळ्यात शेवटी शिंगाला चकाकी आणतात. मधासारख्या पिवळ्यापासून काळ्यापर्यंतच्या रेषा त्यात उमटतात. कारागिराच्या हाती असतं ते फक्त शिंग निवडणं, नक्षी शिंगाची स्वतःची.

त्याच बेटाच्या दक्षिणेकडे आर्बुस गाव आहे. तिथल्या चाकूचं पातं आखूड आणि मधे चांगलंच पोट सुटलेलं. कातडं सोलायला असं रुंद पातं बरं पडतं. शेजारच्या गुस्पिनीच्या चाकूला तर टोकच नाही, पातं पुढे बोथट छाटल्यासारखं. याचं कारण शेळ्यामेंढ्यांत शोधू नका, ते रोमच्या संसदेत आहे. जोलित्ती पंतप्रधान असताना 1908 मध्ये चाकू बाळगण्यावर बंधनं घालणारा कायदा झाला. शहरांत भांडणं चाकूवर येत होती आणि सरकारची नजर टोकदार पात्यांवर होती. कारागिरांनी टोकच काढून टाकलं. गुस्पिनीचा आकार याच कायद्यापायी रूढ झाला, असं सांगतात. मुख्य भूमीवरही टोक छाटलेला एक प्रकार आहे, त्याला 'मोत्सेत्ता' म्हणतात. भोसकता येत नाही, पण चीज कापायला उत्तम. चाकू मुळात त्याच कामाचा, असं माझं मत आहे.

या कायद्याचा फटका तोस्कानातल्या स्कार्पेरियाला जबर बसला. फ्लॉरेन्सच्या उत्तरेला मुजेल्लो खोऱ्यात हे गाव फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाने 1306 मध्ये वसवलं. आपेनिन पर्वत ओलांडून बोलोन्याकडे जाणारी वाट इथूनच जायची, त्यामुळे गिऱ्हाईक आपणहून दारात यायचं. घोडेस्वार थांबे, जेवे, चाकू घेऊन पुढे निघे. 1538 मध्ये इथल्या चाकूवाल्यांच्या संघाची नियमावली झाली. पुढे अठराव्या शतकात फूता खिंडीतून नवा रस्ता निघाला आणि वर्दळ तिकडे वळली. धंदा टिकला, पण पहिली बरकत राहिली नाही. त्यात 1908 ची बंधनं आली. आज तिथल्या जुन्या वाड्यात, पालात्सो देई विकारीमध्ये, धारदार हत्यारांचं संग्रहालय आहे. गावात काही कारखाने अजून चालू आहेत. त्यांतला बेर्तींचा 1895 पासूनचा. तिथे फ्लॉरेन्सचा, सिएनाचा, मारेम्मा भागातल्या गुराख्यांचा, रोमचा असे निरनिराळ्या मुलखांचे नमुने एकाच बाकावर घडतात. मुठीचा बाक, मागच्या टोकाची वळणं, पात्याची रुंदी एवढ्यावरून जाणकार मुलूख ओळखतो. आपल्याकडे विळ्याच्या आकारावरून कोकणातला की घाटावरचा हे ओळखतात, तसंच. मुठींसाठी बैलाच्या आणि म्हशीच्या शिंगालाही मोठी मागणी आहे.

दक्षिणेला मोलीझे प्रांतात फ्रोझोलोने आहे, चाकूंइतकंच कात्र्यांसाठी नावाजलेलं. जुन्या धनगरवाटा या मुलखातून गेल्या. ऋतूप्रमाणे कळप डोंगरातून सपाटीवर नेण्याच्या प्रथेला युनेस्कोने 2019 मध्ये वारशाच्या यादीत घेतलं. कळपाबरोबर चालणाऱ्याला चाकू लागतो आणि लोकर कातरायला कात्री. पेठेला एवढं कारण पुरे.

ईशान्येकडच्या फ्रिउली प्रांतातलं मानियागो मात्र वेगळ्या वाटेने मोठं झालं. 1453 मध्ये तिथल्या सरदाराने शेतीसाठी आणि गिरण्यांसाठी पाण्याचा पाट खणवला. त्याच पाण्यावर घण चालू लागले: पाणी चाक फिरवी, चाक घण उचले, घण ऐरणीवर पडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या झोलिंगेनच्या धर्तीवर मोठा कारखाना निघाला. त्या इमारतीत आता संग्रहालय आहे. लायनस्टील आणि फॉक्स या आजच्या चाकू-कंपन्या मानियागोच्याच.

मानियागोची जगभर झालेली प्रसिद्धी मात्र एका बदनाम चाकूमुळे. लांब, सडपातळ, बटण दाबलं की खाडकन उघडणारा 'स्टिलेट्टो'. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतून घरी परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी तो बरोबर नेला. मग हॉलिवूडने तो गुंडांच्या हाती दिला, आणि 1958 मध्ये अमेरिकेने खटक्याच्या चाकूंच्या व्यापारावर केंद्रीय कायद्याने बंदी घातली. आपल्या रामपुरीचं हिंदी सिनेमाने जे केलं, तेच. पडद्यावर पाहून चाकूची पारख करणाऱ्यांना स्टिलेट्टो आठवतो. माझ्या दृष्टीने तो या साऱ्या कुळातला सगळ्यात कमी कामाचा चाकू.

इटालियनमध्ये खिशातल्या छोट्या चाकूला 'तेंपेरीनो' म्हणतात. हा शब्द पिसाची लेखणी तासण्याच्या क्रियापदावरून आला. आपले कारकून बोरू तासायला चाकू जवळ बाळगत, तोच हा प्रकार. चाकू घडवणाऱ्यांची गावं आहेत, तशी धार लावणाऱ्यांचीही आहेत. त्रेन्तिनोतल्या वाल रेंदेना खोऱ्यातले लोक सहाण घेऊन लंडन-न्यूयॉर्कपर्यंत गेले. त्याच खोऱ्यातल्या पिंत्सोलो गावात अशा फिरत्या धारवाल्याचा पुतळा आहे.

पत्ताडाचा चाकू विकत घ्यायचा विचार असेल तर काही गोष्टी ध्यानात असू द्या. पत्ताडेझे म्हणून दुकानात मांडलेले पुष्कळ चाकू पत्ताडाचे नसतात, यंत्रावर इतरत्र काढलेले असतात. हाताने घडवलेल्याला शेकडो युरो पडतात, आणि मुठीवर नाही तर पात्यावर कारागिराची खूण शोधावी. इटलीत 1975 च्या कायद्याने सबळ कारणाशिवाय चाकू खिशात घालून हिंडता येत नाही. साधं पोलाद असेल तर ओलं ठेवू नका, पुसून तेलाचा हात फिरवा. विमानात तो हातसामानात चालणार नाही, मोठ्या बॅगेत घाला. आणि कुणी भेट दिलाच, तर देणाऱ्याच्या हातावर एक नाणं टेकवा. चाकू फुकट घेतला तर मैत्री तुटते अशी तिकडची समजूत आहे.