सांडपाण्यासाठीं दलदल : आर्काटा गांवची व्यवस्था

गांवास जें पाणी घाण वाटतें व शेतकऱ्यास ज्याची किंमत कळते, असें पाणी म्हणजे सांडपाणी होय. समुद्रकांठच्या लहान गांवीं त्याचा प्रश्न विशेष बिकट असतो. तेथें जमीन सखल व विहिरींचें पाणी उथळ. आणि ज्या खाडींत घाण सोडावयाची त्याच खाडीवर मासेमारी करणारांचें पोट. यासाठीं एका गांवानें काढलेली तोड आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आर्काटा हें अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागीं, हम्बोल्ट उपसागराच्या कांठीं वसलेलें सुमारें १८ हजार वस्तीचें गांव आहे. त्या उपसागरांत कालवांच्या शिंपल्यांची मोठी पैदास होते. १९४९ पर्यंत गांवचा मैला जसाच्या तसा तेथें जात असे. त्या सालीं गाळ बसविण्याची सोय झाली, व १९५७ सालीं उथळ तळीं बांधण्यांत आलीं. पुढें १९७४ मध्यें तेथील सरकारनें असें ठरविलें कीं, बंदिस्त उपसागरांत सांडपाणी सोडूं नये. सोडावयाचेंच असेल तर त्यापासून उपसागराचें हित होतें हें सिद्ध करावें. तेव्हां आसपासच्या सर्व वस्त्यांचें पाणी मोठ्या नळानें नेऊन एके ठिकाणीं शुद्ध करावें व भर समुद्रांत टाकावें, अशी खर्चिक योजना पुढें आली. आर्काटाच्या लोकांस ती पटली नाहीं. तेथील विद्यापीठांतील जॉर्ज ॲलन हे तळ्यांतील सांडपाण्यांत समुद्राचें पाणी मिसळून त्यांत सामन माशांचीं पिलें वाढवीत होतेच. त्यांचे सहकारी रॉबर्ट गिअरहार्ट यांनीं १९७९ पासून दलदलीचे प्रयोग केले, आणि १९८६ सालीं सर्व व्यवस्था चालू झाली. जागा म्हणाल तर टाकून दिलेलीं लाकूडगिरणीचीं तळीं व कचऱ्याचा उकिरडा!

व्यवस्थेचें मर्म असें. प्रथम जड गाळ तळाशीं बसवून वेगळा काढतात. वरचें पाणी उथळ तळ्यांत जातें. तेथें उन्हाच्या योगानें हिरवें शेवाळ वाढतें व तें पाण्यास प्राणवायु पुरवितें. त्या प्राणवायूवर जगणारे सूक्ष्म जंतु घाण खाऊन टाकतात. पण येथें एक अडचण उद्भवते. हें शेवाळ पाण्याबरोबर बाहेर पडलें तर तीच नवी घाण होते. गाळ व प्राणवायूची मागणी, ही प्रत्येकीं दर लिटरास सरासरी ३० मिलिग्रॅमहून अधिक नसावी असा तेथील सर्वसाधारण नियम आहे; नुसत्या तळ्यांनीं तो नेहमीं पाळला जात नाहीं.

दलदलीची खरी कामगिरी येथेंच दिसते. तींत लव्हाळ्याच्या वर्गांतील उंच वनस्पति व पाणकणीस दाट वाढलेलें असतें. त्यांच्या सावलीमुळें ऊन मिळत नाहीं, शेवाळ मरतें, व संथ पाण्यांत तळाशीं बसतें. पाण्यांत बुडालेल्या देठांवर जंतूंचा बुळबुळीत थर जमतो व तो उरलेली घाण पचवितो. मुळें पाणी शोषून शुद्ध करतात ही समजूत चुकीची नसली तरी अपुरी आहे. मोठें काम सावलीचें, संथपणाचें व त्या थराचें होय.

आमच्या कोंकणपट्टींतही पाणकणीस ओहोळांच्या कांठीं उगवतें, व उष्ण हवेंत जंतूंचें काम अधिक जलद चालतें. तथापि नक्कल करूं पाहणारांनीं सावध असावें. जमीन पुष्कळ लागते. आर्काटाचीं तळींच पन्नासएक एकरांत पसरलीं आहेत. वाळलेले देठ व सांचलेला गाळ न काढल्यास वाहण्याचा मार्गच बुजतो. मुसळधार पावसांत गटारांत पावसाचें पाणी शिरून पाण्यास दलदलींत पुरेसा मुक्काम मिळत नाहीं. ही अडचण आर्काटासही हिवाळ्यांतील पावसांत भोगावी लागते. डांसांची पैदास होणार नाहीं याकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावें लागेल. आणि दलदलींतून निघालेलें पाणी पिण्यास योग्य झालें असें कोणी मानूं नये. निर्जंतुक केल्यावांचून तें कच्च्या खाण्याच्या भाजीपाल्यास देणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. कारखान्यांतील धातूंचे विषारी अंश असलेलें पाणी तर या व्यवस्थेंत आणूंच नये. ते अंश गाळांत सांचतात, आणि तो गाळ पुढें खत म्हणून शेतांत आला तर जमीनच नासते.