शिकारी संघाविना पारध

शिकाऱ्यांचा राष्ट्रीय संघ म्हणजे नुसता हौशी बंदूकवाल्यांचा अड्डा नव्हे. स्वीडनचा संघ १८३० सालचा. १९३८पासून तिथल्या सरकारने वन्यजीवांच्या देखरेखीचे कामच त्याच्याकडे दिले. फ्रान्समध्ये रानडुकरांनी शेत उकरले तर भरपाईचा भार शिकाऱ्यांच्या जिल्हा संघांवर पडतो. जनावरे मोजायची, किती मारायची ते ठरवायला मदत करायची, नवशिक्याला तयार करायचे आणि शेतकऱ्याचे नुकसान भरून द्यायचे, अशी ही कामे. भारतात ती करणारा संघ नाही. नांदेड-लातूरकडे त्यांतली काही सरकारी कचेऱ्यांकडे आहेत, काही शेतकऱ्याच्या अंगावर, तर काहींना वालीच नाही.

अशा संघाच्या जवळपास गेलेली एक संस्था मुंबईत निघाली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. शिकारी सभासदांनी धाडलेली कातडी, शिंगे आणि टिपणे यांवर तिचा संग्रह वाढला, १८८६पासून नियतकालिकही निघू लागले. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी सलीम अलींनी १९३१च्या सुमारास केली आणि ती याच नियतकालिकात छापली गेली. पुढे संस्था संरक्षणाकडे वळली, शिकाऱ्यांची वकिली तिने केली नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आरंभी शिकारीच्या परवान्यांना जागा होती; १९९१च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. हौसेची शिकार संपली. उरला तो कलम ११चा अपवाद: उभ्या पिकाला धोका असेल तर रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारण्याची परवानगी वनाधिकारी देऊ शकतो. काळवीट मात्र पहिल्या अनुसूचीत आहे. त्याने हरभरा कितीही खुडला तरी केवळ पिकासाठी त्याला मारता येत नाही. शेतकऱ्याच्या लेखी तिन्ही जनावरे सारखीच, कायद्याच्या लेखी नाहीत.

दोन्ही जिल्ह्यांची जमीनही एकसारखी नाही. किनवट-माहूरकडे पैनगंगेच्या अंगाला डोंगर आणि सागवान आहे. रानडुकरांना दिवसा दडायला जंगल, रात्री चरायला शेत. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. तिथे हरणे आणि रोही माळावर, पडीक रानात, नदीनाल्यांच्या काठी राहतात आणि सोयाबीन, तूर, हरभऱ्यात उतरतात. डुकरांना तर उभा ऊस हेच जंगल.

परवानगी हाती आली तरी पुढचे सोपे नसते. परवान्याची बंदूक हवी, ती चालवणारा हवा आणि रात्री पिकात माणूस की जनावर हे ओळखणारी नजर हवी. मारलेले जनावर सरकारच्या मालकीचे होते. मांस घरी नेता येत नाही. स्वीडनमधल्या शिकाऱ्याला निदान मांस मिळते, इथे काडतुसाचा खर्चही निघत नाही. म्हणून बहुतेक शेतकरी जागलच करतात: माळ्यावर बसणे, डबे वाजवणे, फटाके, गोफण, आणि आता सौर झटका मशीन. हे यंत्र तारेत क्षणभराचे झटके सोडते, जनावर बिचकून मागे फिरते. त्याऐवजी घरगुती वीज थेट तारेत सोडली तर जनावर मरतेच, शेजारचा माणूसही मरू शकतो. तो सरळ गुन्हा आहे.

या मुलखातली शिकारीची खरी विद्या फासेपारध्यांकडे होती. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने हरणाजवळ सरकणे, तित्तिराचा आवाज काढणे, वाटेवर नेमका फास मांडणे, यांना कुठल्या संघाची परीक्षा लागत नव्हती. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२मध्ये गेला, पण शिक्का गावोगाव राहिला. वीस वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा धंदाच बेकायदा ठरवला. पारध्यांच्या या विद्येचा उपयोग मोजणीला किंवा राखणीला करून घेणारी कायमची व्यवस्था उभी राहिली नाही, हे नुकसान दोन्ही बाजूंचे आहे.

भरपाई वनविभाग देतो. अर्जानंतर वन, कृषी आणि महसूल खात्याची माणसे मिळून पंचनामा करतात. पंचनाम्याला खाल्लेले पीक मोजता येते. तुडवलेले, आणि भीतीपोटी पेरलेच नाही ते पीक मोजणे अवघड.

जनावरांच्या मोजणीचे काम सर्वांत मागे आहे. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यांवर बसून गणना होते ती अभयारण्यांत आणि राखीव जंगलांत. लातूरच्या तुरीत राहणारा रोह्यांचा कळप तिथे पाणी प्यायला जात नाही.