बीटी बियाणं आणि कायदा: समज काय, खरं काय

गैरसमज: बीटी मुळातच बोगस होतं.
गुलाबी बोंडअळी आली की पैठण-गंगापूरकडे हेच ऐकू येतं. बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळाली ती अटीवर. भोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त तेवढ्यावर बिगरबीटी कपाशी लावायची. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची ‘रेफ्युजी’ची पुडी येई. त्या झाडांवरच्या पतंगांचा बीटीला सरावलेल्या पतंगांशी संयोग झाला, तर पुढची अळी बीटीपुढे टिकत नाही. पण बहुतेकांनी ती पुडी पेरलीच नाही आणि कुणी विचारलंही नाही. त्यात फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक शेतात ठेवून अळीला उन्हाळ्यापर्यंत पोसलं. परिणाम २०१७ मध्ये दिसला: बाहेरून हिरवंगार, टपोरं बोंड, फोडलं की आत किडकी सरकी आणि गुलाबी अळी. अट चांगली होती, तिची अंमलबजावणी झाली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरसमज: बीटी वांगं असुरक्षित ठरलं, म्हणून बंदी आली.
हे वांगं आपल्या शेजारच्या जालन्यातल्या महिको कंपनीचं. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने त्याला हिरवा कंदील दिला. ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी आणखी अभ्यास हवा म्हणून स्थगिती दिली. ती आजही कायम आहे. बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये बीटी वांग्याला परवानगी दिली. इतकी वर्षं ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, अशा स्थितीत नवं वाण काढायला कोण पैसा घालील?

गैरसमज: जीएम (जनुकीय बदल केलेलं) पीक आपल्या पोटात जात नाही.
लागवडीला परवानगी फक्त कपाशीला आहे, हे खरं. पण सरकीचं तेल आपण खातो आणि पेंड जनावरं खातात.

गैरसमज: सगळे लावतात, म्हणजे एचटीबीटी कायदेशीर असेल.
जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने हे तणनाशक-सहनशील बियाणं जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला. तरी लागवडीला मंजुरी नाहीच. निर्णय लांबला की चोरटा बाजार फोफावतो. त्या पाकिटाला पक्कं बिल नसतं. उगवण फसली तर तक्रार करायला हातात पुरावा उरत नाही. म्हणून बियाणं परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि बिल, टॅग व रिकामं पाकीट वेचणी संपेपर्यंत जपून ठेवा.