मोडण्याआधीची मोजणी

घर बांधताना आपण मुहूर्त काढतो, नारळ फोडतो. पाडताना कुणी पंचांग उघडत नाही. चार मजूर पहारी घेऊन येतात आणि काम होते. अणुवीज केंद्राचे तसे नाही. भट्टी बंद झाली, इंधन काढून नेले, तरी पोलादात आणि काँक्रीटमध्ये किरणोत्सार मुरलेला राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. कामगाराच्या अंगावर मात्र त्याचा हिशेब चढत जातो.

जपानमध्ये त्सुरुगा येथे ‘फुगेन’ नावाची १६५ मेगावॉटची अणुभट्टी १९७९ ते २००३ चालली. फुगेन म्हणजे बौद्ध परंपरेतला समंतभद्र बोधिसत्त्व. ती मोडण्याच्या तयारीत अभियंत्यांनी तिची त्रिमिती प्रतिकृती संगणकात उभी केली आणि नॉर्वेतल्या हाल्डेनच्या संशोधकांबरोबर कामाची तालीम घेण्याची प्रणाली बनवली. कामगाराची आकृती कोणत्या दाराने शिरली, कोणत्या नळापाशी किती वेळ थांबली, तिच्या वाट्याला किती मात्रा आली, हे पडद्यावर आधीच दिसते. कामाचा क्रम बदला, मध्ये शिशाचा आडोसा ठेवा, आकडा पुन्हा पाहा. पुढे २०१८ मध्ये हाल्डेनची भट्टीही कायमची बंद झाली. दुसऱ्याला तालीम देणाऱ्यांवर स्वतःच्या घरची मोडणी येऊन ठेपली!

गणित साधे आहे : जागेवरची पातळी गुणिले तिथे घालवलेला वेळ. आपल्या देशात अशा कामगारासाठी मर्यादा आहे वर्षाला ३० मिलिसीव्हर्ट, आणि पाच वर्षांत मिळून १००. हे खाते असे विचित्र की त्यात नुसते नावे पडत राहते, जमा कधीच होत नाही. म्हणून नळ कुठून कापायचा याचा आत उभे राहून खल करण्यात गेलेली पाच मिनिटेही महाग पडतात. तो खल बाहेर, संगणकापुढे व्हावा, एवढाच या सगळ्याचा अर्थ.

पण माझे आयुष्य बँकेत गेले. वहीत शिल्लक लिहिली आहे म्हणून तिजोरीत ती असतेच, असे आम्ही कधी मानले नाही. रोकड हाताने मोजायची, मग सही. प्रतिकृती ही वही आहे आणि इमारत ही रोकड. मूळ नकाशे कित्येक दशकांपूर्वीचे. त्यानंतर दुरुस्तीच्या धांदलीत कुणी नळ वळवला, कुणी झडप बसवली. कागदावर त्याची नोंद राहिलीच असे नाही. लेसरने मोजणी करता येते, पण लेसरला दिसते तेवढेच. भिंतीच्या पोटात काय आहे हे निवृत्तीला आलेल्या फिटरला ठाऊक असते. किरणोत्साराची पातळीही वेळोवेळी मोजून भरली नाही तर पडद्यावरचे चित्र देखणे आणि खोटे ठरते.

तुर्भ्याची ‘सायरस’ १९६० पासून चालून ३१ डिसेंबर २०१० रोजी बंद झाली. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ मधले. प्रत्येक भट्टीवर ही पाळी कधी ना कधी येणारच. तेव्हा आत शिरणारा माणूस कदाचित कंत्राटावरचा, रोजावरचा असेल. तालीम त्याच्याही वाट्याला यावी, आणि जुन्या फिटरला पडद्यापुढे बसवून ‘इथे काय आहे, बाबा?’ असे आजच विचारले जावे. तो घरी गेल्यावर विचारायचे राहिले, तर त्या अज्ञानाची किंमत दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर नावे पडेल.