मांजऱ्या : फुरसे समजून मारला जाणारा साप

कोकणातील वाडीत रात्री लाकडाच्या ढिगातून तपकिरी, पाठीवर नक्षी असलेला साप निघाला की 'फुरसे, फुरसे' असा ओरडा होतो आणि काठ्या निघतात. पुष्कळदा मरतो तो मांजऱ्या.

दोघांत साम्य आहे, हे खरे. रंग मिळताजुळता, डोळ्यांतील बाहुल्या उभ्या, आणि डिवचल्यावर वेटोळे करून तोंड मारण्याचा पवित्राही सारखाच. मात्र फुरसे आखूड व जाडसर. त्याच्या खरखरीत खवल्यांच्या घर्षणातून करवतीसारखा आवाज येतो. मांजऱ्या सडपातळ, लांब शेपटीचा, गुळगुळीत खवल्यांचा. मान बारीक, डोळे मांजरासारखे मोठे. नाव त्यावरूनच पडले.

मांजऱ्याची गणना निमविषारी सापांत होते. त्याचे विषदंत जबड्याच्या मागील भागात असतात आणि ते पोकळ नसून त्यांना खाच असते. भक्ष्य धरून चावत राहिल्यावर विष त्या खाचेतून झिरपते. शिवाय या सापांचे विष प्रामुख्याने पाली, सरडे व पक्ष्यांवर चालणारे. प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावरचे पक्षी फस्त करणारा साप मांजऱ्याचाच भाऊबंद. त्याच्या विषातील एक प्रथिन पक्षी व सरड्यांना मारक, पण उंदरांना निरुपद्रवी असल्याचे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मांजऱ्या चावल्यास माणसाला सहसा जागेवर वेदना आणि थोडी सूज, एवढेच होते.

हा निशाचर दिवसा झाडाच्या सालीआड वा ढोलीत दडून असतो. इतका, की कोयनेच्या जंगलातील मांजऱ्याची एक स्वतंत्र जाती २०१९ पर्यंत शास्त्रज्ञांना ठाऊकच नव्हती! ती बेडकाची अंडीही खाते.

दंशानंतर मात्र 'मांजऱ्याच असेल' असे घरी ठरवू नये. रुग्णालयात कोरड्या काचेच्या नळीत रक्त २० मिनिटे ठेवतात. फुरशाचे विष भिनले असल्यास ते गोठत नाही. पहिल्या वेळी रक्त गोठले तरी रुग्णाला देखरेखीखाली ठेवून चाचणी पुन्हा करतात. भारतातील प्रचलित प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांसाठी असते. मांजऱ्याच्या दंशावर ते लागत नाही; उलट घोड्याच्या रक्तापासून बनत असल्याने काहींना त्याची तीव्र ॲलर्जी येते. साप मारून दवाखान्यात नेण्याचीही गरज नसते.