चोपन्न वर्षांचे आजोबा, तीन वर्षांचा नातू

मुलांचे काही प्रश्न ऐकायला सोपे आणि उत्तराला अवघड असतात. "नोबिता इतकी वर्षे पाचवीतच कसा?" हा त्यांपैकीच एक. हिंदीतून बोलणारी ही जपानी मंडळी आता आपल्याही घरोघरी येऊन बसली आहेत. शिनचॅन १९९२ साली दूरचित्रवाणीवर प्रथम आला तेव्हा पाच वर्षांचा होता. आजही तो पाचच वर्षांचा आहे. चित्रातल्या माणसांना कुठले आले आहे वय, असे म्हणून मुलांना गप्प करता येईल. पण त्यांना वय असते. ते विचारपूर्वक ठरवून दिलेले असते आणि त्यामागे एका काळाचा हिशेब दडलेला असतो. तो पाहायचा असेल, तर या दोघांच्याही थोरल्या बहिणीकडे, 'साझाए-सान'कडे, आम्ही वाचकांना नेऊ इच्छितो. 'सान' हा आपल्या 'ताई', 'बाई', 'राव' यांसारखा आदराचा प्रत्यय.

१९४६ च्या एप्रिलमध्ये, युद्धाच्या राखेतून जपान सावरत असताना, माचिको हासेगावा या अवघ्या सव्वीस वर्षांच्या चित्रकर्तीने फुकुओका येथील एका सायंदैनिकात ही चित्रमालिका सुरू केली. पात्रांची नावे तिला समुद्रकिनाऱ्यावर सुचली. साझाए म्हणजे एक शंखजीव, धाकटा भाऊ कात्सुओ आणि मुलगा तारा हे मासे, बहीण वाकामे म्हणजे समुद्रशेवाळ, आईचे नाव फुने म्हणजे नौका. आरंभी या घरातही काळ पुढे सरकत होता. अविवाहित साझाएचे लग्न झाले, तारा जन्मला, रांगला, बोलू लागला. तो तीन वर्षांचा झाला आणि घरातले घड्याळ जणू तेथेच थबकले. 'आसाही' या वृत्तपत्रातून ही मालिका १९७४ पर्यंत चालली. त्याआधीच, ५ ऑक्टोबर १९६९ रोजी, तिचे चलच्चित्र दूरचित्रवाणीवर अवतरले. दर रविवारी सायंकाळी येणारी ही मालिका जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेली चलच्चित्रमालिका म्हणून गिनीज ग्रंथात नोंदली गेली आहे.

आता या घराची वये पाहा. वडील नामिहेई चोपन्न वर्षांचे, आई पन्नाशी ओलांडलेली. साझाए चोवीस, तिचा नवरा मासुओ अठ्ठावीस. कात्सुओ अकरा, वाकामे नऊ आणि तारा तीन. थोरल्या बहिणीत आणि पाठच्या भावात तेरा वर्षांचे अंतर. मामा भाच्याहून केवळ आठ वर्षांनी मोठा. मामा-भाचे एकाच अंगणात खेळत वाढलेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांच्या ध्यानी येईल. मासुओ सासऱ्याच्या घरी राहतो, पण त्याने स्वतःचे आडनाव सोडलेले नाही. जपानी रीतीने तो दत्तक जावई नव्हे. घरमालकाशी खटका उडाल्यामुळे बिऱ्हाड हलवून आलेला तो एक साधा, गोड स्वभावाचा चाकरमाना आहे.

सर्वांत बोलके वय नामिहेईंचे. डोक्यावर एकुलता एक केस, घरी आल्यावर किमोनो, मुलांना जरब आणि नातवाचे कौतुक. आजच्या प्रेक्षकाला हे गृहस्थ सहज सत्तरीचे वाटतात. मग ते चोपन्नच का? कारण त्या काळी जपानी कचेऱ्यांत निवृत्तीचे वय बहुधा पंचावन्न होते. नामिहेई निवृत्तीच्या उंबरठ्यावर कायमचे उभे आहेत. १९४७ साली जपानी पुरुषाचे सरासरी आयुर्मान जेमतेम पन्नास वर्षे होते; आज ते एक्क्याऐंशीच्या आसपास आहे. १९९८ पासून साठीच्या आत निवृत्ती लादण्यास तेथे कायद्यानेच मनाई आहे. चोपन्नाचा आकडा जागच्या जागी राहिला. त्याचा अर्थ मात्र बदलून गेला.

चित्रे थांबली, तरी त्यांना आवाज देणारी माणसे थांबत नाहीत. इचिरो नागाई यांनी अडतिसाव्या वर्षी नामिहेईंचा आवाज स्वीकारला. म्हणजे ते पात्राहून सोळा वर्षांनी लहान होते. २०१४ च्या जानेवारीत ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते नामिहेईंचे वडील शोभले असते. आईचा आवाज देणाऱ्या मियोको आसो यांनी २०१५ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, निरोप घेतला. ताकाको सासुगा यांनी तीन वर्षांच्या ताराचे बोबडे बोल त्रेपन्न वर्षे बोलले आणि २०२३ मध्ये त्या गेल्या. आरंभापासून साझाए बोलत आलेल्या मिदोरी कातो मालिकेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी ऐंशीच्या झाल्या. आवाज बदलला की प्रेक्षकांना चुकल्यासारखे होते. घरातले मोठे माणूस गेल्यावर त्याच्या खुर्चीकडे वळणारी नजर ती हीच.

खुद्द घरही मागेच राहिले आहे. अनेक वर्षे विद्युत उपकरणे बनविणाऱ्या तोशिबा कंपनीने पुरस्कृत केलेल्या या मालिकेत दूरध्वनी मात्र काळा, तबकडी फिरवायचाच राहिला. १९८० मध्ये पासष्टीपुढची माणसे असलेल्या जपानी घरांपैकी सुमारे निम्म्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदत होत्या. २०१९ मध्ये अशी घरे दहांत एकही उरली नव्हती. ज्या काळी ते जपानचे सर्वसाधारण घर होते, त्या काळी लोक त्यात स्वतःला पाहत. आज बरेचसे लोक आपले आजोळ पाहतात.

या घड्याळाला एकदा किल्ली देऊन पाहण्यात आली. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये खऱ्या नटनटींना घेऊन 'वीस वर्षांनंतर'चे नाट्य सादर झाले. त्यात साझाए चव्वेचाळीसची, कात्सुओ एकतिसाचा आणि तारा तेवीस वर्षांचा, नोकरीच्या शोधात असलेला तरुण होता. चलच्चित्रातले कुटुंब मात्र आपल्या जुन्या वयांतच नांदत राहिले.

तेव्हा मुलांच्या प्रश्नाला आम्ही एवढेच उत्तर देऊ. या घरात दर वर्षी नवे साल उजाडते, साकुरा फुलते, उन्हाळ्याची सुटी लागते. फक्त कोणाचा वाढदिवस मोजला जात नाही. मोजण्याचे काम पाहणाऱ्यांकडे असते. जो मुलगा कात्सुओच्या वयाचा असताना ही मालिका पाहू लागला, तो एके दिवशी मासुओच्या वयाचा होतो आणि पुढे नामिहेईंच्याही पुढे निघून जातो. कात्सुओ मात्र त्या दिवशीही ओरडा खाऊन दारातून पळत सुटलेला असतो.