परक्या गावी आपले माणूस

नामपूरच्या शिवारात कांद्याची लागवड तुम्ही पाहिली असेल. रोप एका जागेवरून उपटतात, दुसऱ्या वाफ्यात लावतात आणि लगेच पाणी देतात. रोप काही दिवस मान टाकते. मुळे धरली की पुन्हा ताठ उभे राहते. पाणीच मिळाले नाही तर मात्र ते वाळते.

गाव सोडून आलेल्या माणसाचेही असेच असते. घराबरोबर त्याचे शेजारी, मित्र आणि आपली बोलीही मागे राहते. रात्री मूल आजारी पडले तर कोणाला हाक मारायची, हेच त्याला ठाऊक नसते. त्यामुळे मनावर ताण येतो. झोप लागत नाही, भूक मंदावते, चिडचिड वाढते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. शरीराप्रमाणे मनही आजारी पडते.

आपली मोसम नदी पुढे मालेगावला जाते. १८५७ च्या उठावानंतर उत्तर भारतातील अनेक विणकर कुटुंबे मालेगावी येऊन स्थायिक झाली. मुलूख नवा होता. पण एका धंद्याची, एका बोलीची माणसे शेजारी शेजारी राहिली. सुखदुःखात धावून येणारे कोणीतरी जवळ होते. हातमागाच्या त्या गावाचे पुढे यंत्रमागाचे मोठे शहर झाले.

आता दुसरे उदाहरण पाहा. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देशभर टाळेबंदी झाली. कामे बंद पडली. हजारो मजूर मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक जिल्ह्यातून पायीच गावाकडे निघाले. हातात पैसा नव्हता, हे एक कारण होते. संकटात आपल्या माणसांजवळ असावे, ही ओढही तेवढीच मोठी होती. वाटेत अनेकांनी त्यांना पाणी आणि जेवण दिले.

आधार तीन प्रकारचा असतो. दुःख ऐकून घेणे हा मनाचा आधार. दवाखाना, रेशन दुकान, शाळा कोठे आहे ते सांगणे हा माहितीचा आधार. सामान उचलू लागणे, आजाऱ्याला डॉक्टरांकडे नेणे हा कामाचा आधार. तिन्हींना पैसा फारसा लागत नाही.

तुमच्याजवळ तर आणखी एक देणगी आहे. तुम्हांला उर्दू येते आणि तुम्ही मराठीही शिकता. उत्तरेकडून आलेल्या मजुराला एस.टी.ची पाटी वाचता येत नाही, दवाखान्यातील प्रश्न कळत नाहीत. तेथे तुम्ही दुभाषी होऊ शकता. मदत, हिंमत, दिलासा हे शब्द तुम्ही घरीही वापरता. तेही दूरदेशाहून आले आणि मराठीने त्यांना आपले मानले.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर केवळ मित्राचा आधार पुरत नाही. अशा वेळी घरातील मोठ्यांना किंवा शिक्षकांना लगेच सांगा. डॉक्टरांचा सल्ला घ्या. सरकारने २०२२ साली 'टेली मानस' ही मोफत सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते. हा क्रमांक वहीत लिहून ठेवा. नव्याने आलेल्या एखाद्या कुटुंबालाही सांगा. तो त्यांना दुसरे कोणी सांगितला नसेल.